युनूसभाईंचा तिसरा रकाना

युनूसभाई, मी तुमच्यावर अजून रागावलेलीच आहे. तुम्हाला मिट्टी देऊन पाच दिवस झाले, परवा तिसऱ्या दिवसाची जियारत झाली. लोक दवाखान्यात येऊन तुमच्या चांगुलपणाच्या गोष्टी सांगतात, मी मान डोलावते, आणि मनात एकच वाक्य फिरत असतं: या माणसानं त्या दिवशी पायऱ्या काहून चढल्या? बघा, वाशीमला वाढलेली आणि पुण्याला डॉक्टर झालेली बाई, राग आला की अजून वऱ्हाडीच बोलते. यावरून तुम्ही मला चिडवायचात. "म्याडम इंग्रजीत चिडल्या तं समजा खोटं चिडल्या," असं माझ्याच पेशंटना सांगायचात.

एकोणीस पायऱ्या आहेत त्या. मंगरूळपीरच्या या रस्त्यावर वरच्या मजल्यावर माझा दवाखाना आणि समोर तळमजल्यावर तुमची रक्त तपासायची लॅब. छातीच्या दुखण्याचा दवाखाना वरच्या मजल्यावर काढला म्हणून पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला सुनावलं होतं. "चढून आला तो पास, मधात बसला तो नापास. परीक्षा चांगली हाये." खाली जागा मिळाली असती तर मी काय हौसेनं वर गेले असते? मग तुम्हीच तोडगा काढलात. छातीत दुखणारा माणूस आला की त्याला तुमच्या लॅबच्या बाकावर बसवायचं आणि भर रस्त्यात उभं राहून वर हाक मारायची, "म्याडम, खाली या!" हातातला पेशंट तसाच टाकून मी उतरायची. सोळा वर्षं तुमच्या हाकेवर मी त्या पायऱ्या उतरले. आणि तुमच्या वेळी तुम्ही हाकच मारली नाहीत.

तुमचे अब्बा शिंपी होते. लॅबच्या मागच्या खोलीत त्यांचं पायमशीन अजून आहे, त्यावर तुम्ही रिकाम्या नळ्यांचे खोके रचून ठेवलेत. रक्ताची तपासणी शिकलात तुम्ही अकोल्याला, पण समजावून सांगायची भाषा मात्र अब्बांच्या दुकानातलीच राहिली. महाधमनी फाटते म्हणजे काय, हे नातेवाइकांना सांगताना मी अडखळायची. हृदयातून निघून पोटाकडे उतरणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी, तिला थर असतात, आतला थर चिरतो, त्या चिरेतून रक्त थरांच्या मधे घुसतं आणि पुढे पुढे फाडत जातं. समोरचा माणूस ऐकायचा आणि विचारायचा, "म्हंजे ॲटॅकच ना?" तुम्ही मागून शांतपणे म्हणायचात, "नाही बाप्पा. कोटाचं अस्तर सुटलं. वरून कोट चांगलाच दिसून राह्यला, पन आत अस्तर अन् कापडाच्या मधात हात घुसला." माणसाला लगेच कळायचं.

आणि गोम तिथंच आहे, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? वरून हे दुखणं हार्ट ॲटॅकसारखं दिसतं. तसाच घाम, तशीच छाती, तशीच भेदरलेली नजर. पण ॲटॅकमध्ये रक्त पातळ करायचं आणि गुठळी विरघळवायचं औषध जीव वाचवतं, आणि अस्तर सुटलेल्या माणसाला तेच औषध मारू शकतं. आपल्याकडे सीटी स्कॅन नाही. त्यामुळे पहिल्या तासात काय ओळखायचं ते हातानं, डोळ्यांनी आणि तुमच्या त्या निळ्या झाकणाच्या नळीतून ओळखायचं.

त्या नळीतल्या रक्तावर करायच्या डी-डायमर चाचणीचं किट तुम्ही पहिल्यांदा मागवलंत तेव्हा मी हसले होते. मी म्हटलं, ही चाचणी न्यूमोनियात वाढते, बाळंतिणीत वाढते, म्हातारपणात वाढते, पायातल्या गुठळीत वाढते. ही 'हो' कधी म्हणतच नाही, फार तर 'नाही' म्हणते. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून म्हणालात, "नाही म्हनायले बी कोनी पायजे ना, म्याडम." मग ती पण अब्बांच्या दुकानात नेऊन बसवलीत. कुठं फाटलं की शरीर शिवायला घेतं, शिवलं की खाली दोऱ्यांचे तुकडे पडतात, आणि ही चाचणी म्हणजे ते तुकडे मोजणं. "तुकडे दिसले तं कोनीतरी कुठंतरी शिवून राह्यलं, येवढंच समजते. कुठं, ते नाही समजत. पन जमीन साफ असली, तं समजा कोनी शिवूनच नाही राह्यलं." मी इतकी पुस्तकं वाचलीत, युनूसभाई, पण एवढं स्वच्छ कुणी लिहिलेलं मला आठवत नाही. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. हसून चहा मागवला, बस.

ती पायाला जखम झालेली आजी आठवते का? तिचा आकडा एवढा चढला की मी घाबरून तिला अकोल्याला धाडलं, तिथं सगळं निर्मळ निघालं, आणि नातेवाईक परत येऊन माझ्या डोक्यावर बसले. मी खाली उतरून तुम्हाला बाकावरच्या पेशंटसमोर वाट्टेल ते बोलले. दुसरा कुणी असता तर किट कचऱ्यात टाकून मोकळा झाला असता. तुम्ही एवढंच म्हणालात, "दोरे तं पडलेच होते. पायात शिवून राह्यले होते. मीच विचाराले पायजे होतं." आणि दुसऱ्या दिवसापासून तुमची ती प्रसिद्ध चौकशी सुरू झाली. दुखणं हळूहळू वाढलं का एकदमच आलं? कुठून कुठं सरकलं? जखम, ताप, बाळंतपण? सुई टोचायच्या आधी तुम्ही पेशंटची एवढी उलटतपासणी घ्यायचात की काही जण लॅबमधूनच घरी जायचे. त्यांना वाटायचं डॉक्टर तुम्हीच.

रजिस्टरचे तीन रकानेही तेव्हाचेच. पहिल्यात दुखणं किती वाजता सुरू झालं, दुसऱ्यात रक्त किती वाजता घेतलं, आणि तिसऱ्यात डॉक्टरला किती वाजता सांगितलं. पहिले दोन मला पटले. दुखणं सुरू होऊन अर्धा तास झाला की सहा तास, यावर रक्तात काय सापडेल आणि काय नाही हे ठरतं. तिसऱ्याचा मात्र मला राग आला, कारण त्यात वेळेपुढे माझी सही हवी होती. मी म्हटलं, मी काय शाळेत उशिरा आलेली पोरगी आहे का? तुम्ही म्हणालात, "उशीर झाला तं तो कोनापाशी झाला, समजाले पायजे ना. माह्यापाशी का तुमच्यापाशी." मी सही केली नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही कधी नाही. तुम्ही वेळ लिहीत राहिलात आणि सहीची जागा मोकळी सोडत राहिलात. मागितलीही नाहीत परत.

आता गजाननचं सांगते. माझ्या मनात जे कुसळ आहे, ते तिथंच आहे. गजानन ऊसतोडीहून नुकताच गावी परतला होता. सोयाबीनचं पोतं उचलताना पाठीत कळ आली म्हणून भावांनी त्याला मोटरसायकलवर मधे बसवून आणलं. तुमची हाक आली, मी खाली आले, ईसीजी काढला, तो थोडा बिघडलेला दिसला. पस्तीस-चाळिशीचा घामाघूम माणूस. मी गुठळी विरघळवायचं इंजेक्शन भरायला सुरुवात केली. तेवढ्यात तुम्ही आतून कागद घेऊन आलात. मी डी-डायमर सांगितलंच नव्हतं. तुम्ही आपल्या मनानं एक निळी नळी जास्तीची घेतली होती.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?" मी खेकसले.

"पेशंटनं सांगतलं, म्याडम. तो म्हनते, एकदम कापड फाटल्यावानी झालं. मले फाटल्याचा आवाज लहानपणापासून ठाऊक हाये." मग आवाज खाली आणून म्हणालात, "दुसऱ्या हाताचं बीपी पाहा ना जरा. मी पाह्यलं. फरक हाये."

फरक होता. बराच होता. अस्तर सुटून एका हाताकडची वाट दबली, की असंच होतं. मी सिरिंज खाली ठेवली. अकोल्याच्या सीटीत महाधमनी डाव्या हाताच्या फाट्यापासून खाली चिरलेली निघाली. नशिबानं अशा जागी, की ऑपरेशनवाचून औषधांवर भागलं. गजानन आज शेळ्या राखतो आणि तंबाखू सोडल्याचं खोटं सांगतो.

मग वाशीमला आम्हा डॉक्टरांची बैठक झाली आणि मी त्यात ही केस मांडली. तुम्हीही आला होतात, लॅबवाल्यांबरोबर शेवटच्या रांगेत बसला होतात. मी पडद्यावर चित्रं दाखवली आणि माईकवर म्हणाले, "मला संशय आला." मला. नंतर म्हणाले, "म्हणून मी डी-डायमर करायला सांगितलं." सभागृहात टाळ्या वाजल्या. मागच्या रांगेत तुम्हीही वाजवत होतात, हे मी पाहिलं. येताना शेलूबाजारला आपण चहाला थांबलो. तुम्ही काही बोलाल म्हणून मी बशीकडे बघत बसले. तुम्ही बशीत चहा ओतलात आणि म्हणालात, "दोन्ही हातांचं बीपी सांगतलं ते बराबर केलं तुमी. लोकं तेच करत नाहीत." बस, एवढंच. टोमणा असता तर मी सुटले असते. पण तो टोमणा नव्हता. तुम्हाला खरंच बरं वाटलं होतं, की चार डॉक्टर उद्यापासून दोन्ही हात पाहतील. मी माफी मागायचं त्या दिवशी टाळलं, मग पुढच्या आठवड्यात टाळलं, आणि मग इतके दिवस गेले की आता विषय काढणं विचित्र दिसेल असं स्वतःला पटवलं. चांगल्या माणसाची हीच अडचण असते, तो मागत नाही म्हणून आपण देतच नाही.

आपलं एक भांडण मात्र खरंच अर्धं राहिलं. मी म्हणायची, समजा ओळखलं, पुढे काय? छाती उघडून धमनी शिवणारा माणूस नागपूरला. इथे बसून आकडा कळला काय आणि नाही काय. तुम्हाला ते अजिबात पटायचं नाही. "लांब जायाचं हाये त्याले लवकर निघा लागते, म्याडम. जवळ राहनाऱ्यानं उशीर केला तं चालते." मोबाईलवर तुम्ही कुठलं कुठलं वाचून यायचात. धमनीच्या भिंतीतलं एखादं प्रथिन रक्तात सापडतं का, ते शोधणं चालू आहे म्हणे, म्हणजे नुसते दोरे नाही, तर कापड कोणतं फाटलं तेही कळेल. ते सांगताना तुमचा चेहरा नवी सायकल मिळालेल्या पोरासारखा व्हायचा. "तवा मंग चाचनी हो म्हनन, म्याडम. मंग तुमी काय म्हनसान?" मी म्हणायची, तेव्हाचं तेव्हा बघू.

मग तो मंगळवार आला. ओपीडी भरलेली. तुम्ही दारात चपला काढल्यात, आतला पेशंट बाहेर जाईपर्यंत थांबलात. वाईट रिपोर्ट तुम्ही कधी फोनवर सांगितला नाही, कुणाच्या हाती पाठवला नाही, स्वतः आणून हातात द्यायचात. त्यामुळे मला काहीच वेगळं वाटलं नाही.

"म्याडम, एक रिपोर्ट हाये."

मी लिहिता लिहिता हात पुढे केला. "वय?"

"चोपन. पाठीत दोन्ही खांद्यांच्या मधात, एकदम फाटल्यावानी. आता कंबरेकडं सरकून राह्यलं. उजव्या हाताचं बीपी एकशे सत्तर, डाव्याचं एकशे वीस."

कागदावरचा आकडा वाचून मी उठलेच. "खाली बाकावर बसवलंय ना त्याला? चला." तुम्ही हलला नाहीत. दाराची चौकट धरून उभे होतात, शर्ट भिजलेला, ओठ पांढरे. "पेशंट कुठे आहे, युनूसभाई?"

"हाच हाये."

मी ओरडले. काय काय ओरडले आठवत नाही. हाक का नाही मारली, वर का चढलात, अख्ख्या गावाला शिकवता आणि स्वतः? तुम्ही स्टुलावर टेकलात आणि अपराध्यासारखे हसलात. "पेशंटनं खाली बसावं, अन् रिपोर्ट वर आनून द्यावा. आज दोन्ही मीच हाओ. काय करता?"

तुम्हाला खुर्चीवर बसवून चौघांनी खाली उतरवलं. रुग्णवाहिकेत बीपी उतरवायचं औषध शिरेतून सुरू केलं. रक्त पातळ करायचं काहीही दिलं नाही, हे तुमच्या कागदामुळे. अकोल्याला थांबायचं नाही, थेट नागपूर, सर्जन तयारीत बसतात, हे फोनवर ठरलं, तेही तुमच्या कागदामुळे. भाभी तुमचा हात धरून बसल्या होत्या, त्यांना काही सुधरत नव्हतं. तुम्ही त्यांना म्हणालात, "अस्तर निकल गया है, बस. नागपूर में सीनेवाले हैं." शेलूबाजारला समृद्धी महामार्गावर चढलो तेव्हा तुम्ही डोळे उघडलेत आणि मला विचारलंत, "लवकर निघालो ना, म्याडम?"

मी म्हटलं, "हो. लवकर निघालो."

वर्ध्याच्या अलीकडे तुमचं बीपी पडलं. मग मी जे जे येतं ते ते केलं, आणि ते पुरलं नाही. भांडण मी जिंकले, युनूसभाई. नागपूर लांबच होतं. एवढं घाणेरडं जिंकणं मी आयुष्यात जिंकलेली नाही.

आज सकाळी भाभींनी मला लॅबमध्ये बोलावलं. फ्रीजमध्ये किट आहेत, त्यांचं काय करायचं, विचारत होत्या. टेबलावर रजिस्टर उघडंच पडलेलं होतं. शेवटची ओळ तुमच्या अक्षरात, नाव: युनूस, वय: ५४. पहिल्या रकान्यात दहा वाजून दहा मिनिटं, दुसऱ्यात दहा पंधरा. पाच मिनिटांत तुम्ही स्वतःच्या हातानं स्वतःचं रक्त काढलं होतंत. त्याखाली आकडा, आणि पुढे कंसात 'पुन्हा केलं', पुन्हा तोच आकडा. चढलेला आकडा दुसऱ्यांदा तपासल्याशिवाय कुणाला सांगायचा नाही, हा तुमचा नियम. दुसऱ्याचा रिपोर्ट असता तर मला खाली बोलावून ठेवून दुसऱ्यांदा तपासला असतात, हे मला ठाऊक आहे. स्वतःचा होता, म्हणून एकटे बसून राहिलात.

तिसरा रकाना रिकामा होता. वेळही नाही. ती वेळ लिहायला तुम्ही परत लॅबमध्ये आलाच नाहीत.

मी तुमचं पेन घेतलं. माझ्या दारात तुम्ही आलात तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात अकरा पाच झाले होते, मी ते पाहिलं होतं. म्हणजे पन्नास मिनिटं तुमच्यापाशी गेली. ती माझ्यापाशी असती तर तुम्ही वाचला असता का, हे नागपूरचा सर्जन सांगू शकला नाही, मलाही सांगता येत नाही. पण गाडीत मी तुम्हाला जे उत्तर दिलं, ते रजिस्टर न पाहता दिलं होतं. तुम्ही पाहिलं होतंत, आणि तरी विचारलंत. तुम्हाला माझ्या तोंडून 'हो' ऐकायचं होतं, एवढंच मी आता समजून घेते.

अकरा पाच लिहिलं आणि पुढे सही केली. मग मागची पानं उलटली. गजाननच्या ओळीवर आले. तिथं तुमच्या अक्षरात वेळ होती आणि सहीची जागा मोकळी. तिथं सही केली, आजची तारीख टाकली, आणि बाजूला लिहिलं: संशय युनूसभाईंना आला, मला नाही. हेच आता वाशीमच्या पुढच्या बैठकीत माईकवर म्हणणार आहे.

भाभी शेजारी उभ्या होत्या. मी आणखी एक पान उलटलं, तिथंही सही केली, मग आणखी एक.

"सगळ्या करता काय, म्याडम?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या," मी म्हटलं. त्यांनी दार पुढे ओढलं आणि अब्बांच्या मशीनसमोरचं स्टूल मला बसायला आणून दिलं.